सक्ती, संरक्षण आणि साहाय्य : मनोरुग्ण-प्रवेशाच्या तीन कायद्यांची भाषा

१

एखाद्या प्रौढ माणसाने कोणताही गुन्हा केलेला नसताना त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बंद दाराआड ठेवण्याचा अधिकार आधुनिक राज्यसंस्थेने मोजक्याच प्रसंगी स्वतःकडे घेतलेला आहे. साथीचा रोग, प्रतिबंधक स्थानबद्धता आणि मानसिक आजार हे त्यांतील प्रमुख प्रसंग होत. साथीच्या रोगात तपासणीचा पुरावा हाती असतो. स्थानबद्धतेत राज्य आपला हेतू निदान उघडपणे नमूद करते. मानसिक आजाराचा प्रसंग या दोहोंहून नाजूक आहे. तेथे माणसाचे बोलणे व वागणे हाच बव्हंशी पुरावा असतो, आणि त्याने दिलेला नकारही पुष्कळदा आजाराचे लक्षण म्हणून वाचला जातो. ज्याच्या ‘नाही’ या शब्दाचे वजन काढून घेतले आहे अशा माणसाविषयी कायदा कोणत्या शब्दांत बोलतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ विधिज्ञांचा उरत नाही. तो भाषेच्या अभ्यासकाचाही होतो.

भारतात या विषयावर एका शतकाच्या अवधीत तीन प्रमुख कायदे झाले : १९१२ चा भारतीय वेडेपणाविषयक कायदा, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा (अंमल १९९३ पासून) आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा (अंमल २०१८ पासून). या तिन्ही संहितांची तुलना सामान्यतः प्रगतीची कहाणी म्हणून मांडली जाते. ‘वेडा’ गेला, ‘रुग्ण’ आला, मग ‘व्यक्ती’ आली. ‘अटक’ गेली, ‘संरक्षण’ आले. शेवटी ‘सक्ती’ जाऊन ‘साहाय्य’ आले, असे तिचे टप्पे सांगितले जातात. ही कहाणी खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. नामे सौम्य होत गेली याचा अर्थ नामांनी दर्शविलेला व्यवहारही त्याच प्रमाणात सौम्य झाला, असे गृहीत धरता येत नाही. किंबहुना काही ठिकाणी कठोर शब्दाबरोबर त्याला चिकटलेला हक्कही गेलेला आहे, आणि जेथे खरी सुधारणा झाली ती नामांत नसून क्रियापदांत व अव्ययांत झालेली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ही दोन विधाने संहितेच्या आधारे तपासून पाहण्याचा आहे.

२

प्रथम नामांचा विचार करू. १९१२ च्या कायद्याने केलेली व्याख्या अतिशय त्रोटक होती. जडबुद्धीचा किंवा विकल मनाचा मनुष्य म्हणजे वेडा, एवढेच तिचे तात्पर्य. या व्याख्येत आजार नाही, उपचार नाही, काळही नाही. माणूस एकदा त्या नामाखाली आला की ते नामच त्याची ओळख होते. याच नामाच्या आधाराने पुढे तुरुंगांच्या दप्तरांत ‘गुन्हेगार नसलेले वेडे’ अशी एक वर्गवारी दीर्घकाळ नांदत होती. कैद्याच्या ठिकाणी माणूस आहे, पण त्याचे वर्णन तो काय नाही यावरून केलेले आहे, असा हा शब्दप्रयोग होय. पत्रकार शीला बारसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये अशा व्यक्तींना तुरुंगात ठेवणे बेकायदा ठरविले. त्या प्रकरणातील वस्तुस्थिती पश्चिम बंगालमधील तुरुंगांची होती. पण निर्णयाने जो पेच उघड केला तो वर्गवारीच्या नावातच दिसत होता.

१९८७ च्या कायद्याने ‘मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती’ हा शब्दप्रयोग घेतला आणि तिची व्याख्या उपचाराच्या गरजेशी बांधली. २०१७ च्या कायद्याने व्यक्ती आणि आजार यांची आणखी फारकत करून ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ हे रूप स्वीकारले. शिवाय, आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही, तसे ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयालाच आहे, असेही कलम ३ मध्ये स्पष्ट केले. समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक वा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे हा आजाराचा आधार होऊ शकत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करू पाहणाऱ्या मुलीच्या किंवा जमिनीचा वाटा मागणाऱ्या भावाच्या दृष्टीने या एका वाक्याचे मोल फार मोठे आहे.

या नव्या शब्दप्रयोगाचे मराठीत काय होते, ते पाहण्याजोगे आहे. इंग्रजीत या पद्धतीचे समर्थन शब्दक्रमाच्या आधारे केले जाते : आधी व्यक्ती, नंतर आजार. मराठीच्या वाक्यरचनेत विशेषण विशेष्याच्या आधी येते, आणि ‘असलेला’, ‘झालेला’ यांसारखी कृदन्तेही त्याला अपवाद नाहीत. म्हणून ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ असे म्हणताना आजार आधी उच्चारला जातो आणि व्यक्ती शेवटी येते. क्रमाचा युक्तिवाद मराठीत टिकत नाही. टिकतो तो विशेष्याचा युक्तिवाद. ‘मनोरुग्ण’ या सामासिक शब्दात माणूस ‘रुग्ण’ या पदात विरघळून जातो. ‘व्यक्ती’ हे विशेष्य स्वतंत्र राहिले की पुढच्या क्रियापदाला कर्ता मिळतो. ‘व्यक्ती ठरविते’, ‘व्यक्ती नेमते’, ‘व्यक्ती दाद मागते’ अशी वाक्ये सहज होतात. ‘वेडा ठरवितो’ हे वाक्य मराठी कानाला थट्टेचे वाटते. नामबदलाचा खरा लाभ येथे आहे : त्याने वाक्यात कर्त्याची जागा मोकळी केली.

येथेच एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वेड’ हा शब्द मराठीत मुळात केवळ हेटाळणीचा नाही. नाटकाचे वेड असते, माया वेडी असते, एखादे गाव वेड लावते. लोकभाषेत या शब्दाला जो दंश आला आहे तो शब्दाच्या अर्थापेक्षा संस्थेच्या नावातून आला आहे. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ या वाक्यांत वेडाचा शब्दही येत नाही. गावाचे नाव पुरते, आणि नेणे-पाठविणे ही क्रियापदे पुरतात. संस्थेच्या फाटकावरील पाटी बदलली तरी हे वाक्प्रचार टिकले, कारण त्यांचा आधार पाटीवर नव्हता. माणूस तेथे जात नाही, त्याला नेले जाते, या अनुभवावर तो होता.

३

नामांकडून क्रियापदांकडे वळल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. रस्त्यावर भटकताना आढळलेल्या व्यक्तीविषयी पोलिसांनी काय करावे, यासंबंधीच्या तरतुदी तिन्ही कायद्यांत आहेत आणि त्यांची मांडणीही बरीचशी समांतर आहे. त्यामुळे तुलनेला त्या सोयीच्या पडतात.

१९१२ च्या कायद्यातील क्रियापद ‘अटक करणे’ हे होते. भटकणाऱ्या वेड्यास पोलीस ठाण्याचा अधिकारी अटक करू शके, आणि वेडामुळे धोकादायक वाटणाऱ्यास त्याने अटक केलीच पाहिजे, अशी ती तरतूद होती. अटक झालेल्यास विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे नेणे बंधनकारक होते. १९८७ च्या कायद्यात ‘अटक’ गेली आणि ‘संरक्षणात घेणे’ आले. तथापि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन कायम राहिले. २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० मध्येही ‘संरक्षणाखाली घेणे’ हेच क्रियापद आहे, आणि ते आता सर्वस्वी कर्तव्य म्हणून आले आहे. परंतु त्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत न्यावयाचे ठिकाण बदलले आहे. ते दंडाधिकाऱ्याचे न्यायासन नसून जवळची सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये, आणि संरक्षणात घेण्याची कारणे त्या व्यक्तीस सांगावीत, असेही हे कलम बजावते.

या बदलाचे समर्थन करता येते, आणि ते केले पाहिजे. आजार हा गुन्हा नव्हे. आजारी माणसाने न्यायासनासमोर का उभे राहावे, हा प्रश्न रास्त आहे. कोठडीची मनाई ही तर निःसंशय सुधारणा होय. तरीही समीक्षकाच्या नजरेतून एक गोष्ट सुटू नये. ‘अटक’ हा शब्द कठोर आहे, पण भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ ने त्या शब्दाला एक हक्क जोडून दिला आहे : अटक केलेल्या व अडकवून ठेवलेल्या माणसास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. ‘संरक्षण’ या शब्दाला तसा हक्क आपोआप जोडलेला नाही, कारण संरक्षणाविरुद्ध कोणी दाद मागत नसतो. १९८७ च्या कायद्याने शब्द बदलला तरी हक्क राखला. २०१७ च्या कायद्याने शब्दाच्या मागोमाग व्यवहारही बदलला, आणि स्वातंत्र्याचा प्रश्न पहिल्या दिवशी न्यायाधीशाने तपासण्याऐवजी आधी वैद्याने तपासावा व नंतर मंडळाने पाहावा, अशी नवी वाट घातली.

ही नवी वाट वाईट आहे असे येथे सुचवावयाचे नाही. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन मंडळ, त्यात वैद्यकीय सदस्यांच्या बरोबरीने आजार अनुभवलेल्या व्यक्तींना, त्यांची देखभाल करणाऱ्यांना किंवा या क्षेत्रातील संस्थांच्या प्रतिनिधींना स्थान, ही रचना दंडाधिकाऱ्याच्या घाईच्या दालनापेक्षा अधिक समजूतदार ठरू शकते. पण ती मंडळे वेळेवर स्थापन व्हावी लागतात, बसावी लागतात, आणि ज्याच्यासाठी ती आहेत त्याला त्यांचा पत्ता ठाऊक असावा लागतो. जुन्या शब्दातला हक्क आपोआप जागा होत असे. नव्या शब्दातला हक्क कोणीतरी जागवावा लागतो. सौम्य शब्दाची ही किंमत लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

४

आता सक्तीच्या प्रवेशाच्या निकषांकडे पाहू. १९१२ आणि १९८७ या दोन्ही कायद्यांच्या पोलीसविषयक तरतुदींत ‘धोकादायक’ हे विशेषण निर्णायक होते. विशेषणाला काळ नसतो. धोकादायक माणूस काल धोकादायक होता, आज आहे आणि उद्याही असेल, अशी समजूत विशेषणाच्या स्वभावातूनच निर्माण होते.

२०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये हे विशेषण नाही. तेथे क्रियापदे आहेत आणि त्यांना काळ आहे. आजाराचे स्वरूप इतके तीव्र असले पाहिजे की त्या व्यक्तीने अलीकडे स्वतःला शारीरिक इजा करण्याची धमकी दिली आहे वा प्रयत्न केला आहे, किंवा ती आता तसे करीत आहे. अथवा ती दुसऱ्याशी हिंसकपणे वागली आहे वा वागत आहे, किंवा तिच्यामुळे दुसऱ्याला इजेचे भय वाटले आहे वा वाटत आहे. अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता तिने इतकी दाखविली आहे वा दाखवीत आहे की त्यामुळे तिलाच अपाय संभवतो. नजीकचा भूतकाळ आणि चालू वर्तमानकाळ, एवढीच या वाक्यांची व्याप्ती आहे. भविष्यकाळ त्यांत नाही. ‘हा पुढे काहीतरी करील’ या भाकितावर कोणाला अडकविता येणार नाही. घडलेली वा घडत असलेली गोष्ट दाखवावी लागेल. एका विशेषणाच्या जागी काळ असलेली क्रियापदे घालणे ही कायद्याच्या भाषेतील फार मोठी सुधारणा आहे, आणि तिची चर्चा नामबदलाच्या मानाने फारच थोडी झाली आहे.

या निकषांत एक सांधा मात्र सैल राहिला आहे. दुसऱ्याला भय वाटणे हा निकष त्या व्यक्तीच्या कृतीवर सुरू होतो आणि दुसऱ्याच्या मनात संपतो. मराठी व्याकरणात ‘त्याला भीती वाटते’ या वाक्यात भिणारा चतुर्थी विभक्तीत असतो. भीती त्याला वाटते, तो ती करीत नाही, आणि म्हणून तिच्या खरेखोटेपणाची जबाबदारीही त्याच्यावर सहसा टाकली जात नाही. ज्या घरात भांडण आहे त्या घरात ‘आम्हाला त्याची भीती वाटते’ हे विधान कितपत पुरावा मानावयाचे, हा प्रश्न तपासणाऱ्या वैद्यांच्या विवेकावर सोडलेला आहे. त्या विवेकाला कुंपण म्हणून कायद्याने दोन स्वतंत्र तपासण्या घालून दिल्या आहेत. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञाची असली पाहिजे, आणि दोन्ही प्रवेशाच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेल्या असल्या पाहिजेत.

अव्ययांचे महत्त्व तर कलम ४ मध्ये अधिकच ठळकपणे दिसते. उपचाराविषयी निर्णय घेण्याची क्षमता कोणाला आहे असे समजावयाचे, ते हे कलम सांगते. निर्णयासंबंधीची माहिती समजणे, निर्णयाच्या संभाव्य परिणामांची जाण असणे, आणि बोलून, हावभावांनी, खुणेने वा अन्य मार्गाने निर्णय कळविणे अशा तीन गोष्टी त्यात आहेत. पण मूळ संहितेत त्या ‘आणि’ने जोडलेल्या नाहीत, ‘किंवा’ने जोडलेल्या आहेत. शब्दशः वाचले तर यांतील एक गोष्ट साधली तरी क्षमता आहे असे मानावे लागते. इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याची रचना याच्या उलट आहे. तेथे यांसारख्या घटकांपैकी एक जरी साधला नाही तरी ती व्यक्ती तो निर्णय घेण्यास असमर्थ ठरते. भारतीय कायद्यातील ‘किंवा’ हेतुपुरस्सर आहे की लेखनाची ढिलाई, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु संहिता आहे तशी वाचणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे, आणि तशी वाचली असता ती व्यक्तीच्या बाजूने झुकते. मराठी रूपांतरकाराने सफाईच्या भरात येथे ‘आणि’ घातले, तर एका उभयान्वयी अव्ययाने अनेकांचे स्वातंत्र्य आक्रसेल.

विरामचिन्हही असेच बोलके ठरते. ‘मानसिक आजार’ या संज्ञेच्या व्याख्येत विचार, भाव, संवेदन, भान वा स्मृती यांतील ठळक बिघाड आणि त्यामुळे आकलनाला वा वागण्याला आलेली गंभीर बाधा यांचे वर्णन आहे. त्यानंतर स्वल्पविराम देऊन मद्य व अमली पदार्थ यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था जोडल्या आहेत. ‘ठळक’ आणि ‘गंभीर’ ही विशेषणे स्वल्पविराम ओलांडून पुढे जातात की नाही? जात असतील तर व्यसनामुळे आलेली केवळ गंभीर अवस्थाच आजार ठरेल. जात नसतील तर सौम्य अवस्थाही ठरेल. एवढे मात्र निश्चित की व्यसन हे केवळ व्यसन म्हणून या व्याख्येत आलेले नाही. त्याच्याशी निगडित मानसिक अवस्था आलेली आहे. आणि व्याख्येत बसणे म्हणजे सक्तीने ठेवता येणे असेही नाही, त्यासाठी कलम ८९ च्या सर्व अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. दारू पिणाऱ्या मुलाला उचलून नेऊन कोंडावे असे वाटणाऱ्या कुटुंबाची व्यथा खरी असते. परंतु त्या व्यथेला कायद्याने दिलेली वाट ‘व्यसनमुक्ती’ या शब्दावरून वाटते तितकी रुंद नाही. ‘व्यसनमुक्ती’ हा समास मुक्ती कशापासून ते सांगतो. कोणी कोणाला मुक्त करावयाचे ते सांगत नाही. मुक्त होणे आणि मुक्त करणे यांतील अंतर त्या समासात झाकले जाते.

५

सर्वांत सूक्ष्म बदल प्रवेशाच्या नावात झाला आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये ‘विशेष परिस्थितीतील प्रवेश’ होता. स्वेच्छेने दाखल होण्याची इच्छा जी व्यक्ती व्यक्त करीत नाही किंवा करू शकत नाही, तिला नातेवाइकाच्या वा मित्राच्या अर्जावरून नव्वद दिवसांपर्यंत ठेवता येत असे. ‘करीत नाही’ आणि ‘करू शकत नाही’ यांना या वाक्याने एकाच रांगेत बसविले होते. जो स्पष्ट नकार देतो आणि ज्याला बोलताच येत नाही, ते दोघेही येथे इच्छा व्यक्त न करणारे ठरत. नकाराला शब्दच नव्हता.

२०१७ च्या कायद्याने प्रवेशाचे दोन प्रकार केले : स्वतंत्र प्रवेश आणि साहाय्यित प्रवेश. सर्व प्रवेश शक्यतो स्वतंत्र असावेत आणि साहाय्यित प्रवेश अपरिहार्य असेल तेव्हाच व्हावा, असे तत्त्वही कलम ८५ मध्ये घातले. साहाय्यित प्रवेशाची मुदत तीस दिवसांची. स्त्री वा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत व इतरांच्या बाबतीत सात दिवसांत मंडळाला कळविणे आवश्यक. त्या व्यक्तीने दाद मागितल्यास मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यावयाचा. तीस दिवसांपलीकडे ठेवावयाचे तर दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. ती प्रथम नव्वद, मग एकशेवीस आणि त्यानंतर प्रत्येक वेळी एकशेऐंशी दिवसांपर्यंत मिळू शकते. व्यवहाराच्या दृष्टीने हा इच्छेविरुद्धचाच प्रवेश होय. पण त्याच्या नावात ‘इच्छा’ हा शब्द नाही आणि ‘सक्ती’ तर नाहीच.

हे नाव केवळ आडपडदा म्हणून घेतलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. अपंगत्वाच्या कारणावरून कोणाची कायदेशीर पात्रता हिरावू नये, निर्णय घेण्यास तिला साहाय्य द्यावे, आणि केवळ अपंगत्वामुळे कोणाचे स्वातंत्र्य काढून घेऊ नये, ही त्या कराराची भूमिका आहे. ‘साहाय्य’ हा शब्द तेथून आला. त्याचा मूळ अर्थ मराठीत नेमका सांगता येतो : ‘प्रतिनिधीच्या साहाय्याने त्या व्यक्तीने निर्णय घेतला’. या वाक्यात कर्ता ती व्यक्ती आहे. प्रतिनिधी ‘च्या साहाय्याने’ या रचनेत, कर्त्याबाहेर उभा आहे.

परंतु कलम ८९ पुढे म्हणते की उपचारासंबंधीच्या निर्णयात एखाद्या व्यक्तीला आपल्या प्रतिनिधीचे जवळजवळ शंभर टक्के साहाय्य लागत असेल, तर तो प्रतिनिधी तिच्या वतीने तात्पुरती संमती देऊ शकतो. येथे अव्यय बदलले. ‘च्या साहाय्याने’ जाऊन ‘च्या वतीने’ आले, आणि त्याबरोबर कर्ताही बदलला : ‘त्या व्यक्तीच्या वतीने प्रतिनिधीने संमती दिली’. पहिल्या वाक्यातला कर्ता दुसऱ्या वाक्यात षष्ठीत गेला. साहाय्याची टक्केवारी वाढवीत नेली तर एका टोकाला साहाय्य साहाय्य राहत नाही, ते प्रतिनिधित्व होते. कायद्याला ही सीमा ठाऊक होती, असे ‘जवळजवळ’ या क्रियाविशेषणावरून दिसते. ती ओलांडताना मात्र त्याने नाव बदलले नाही. आजाराच्या अत्यंत तीव्र अवस्थेत दुसऱ्याने निर्णय घेणे अटळ असू शकते. आत्मघाताच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला अडविणे हे माणुसकीचेच काम आहे. प्रश्न कृतीचा नसून तिच्या नावाचा आहे.

तुलनेसाठी इटलीचे उदाहरण घेता येईल. फ्रांको बझाल्या या मनोविकारतज्ज्ञाच्या चळवळीतून तेथे १९७८ मध्ये १८० क्रमांकाचा कायदा झाला आणि मोठी मनोरुग्णालये बंद करण्याची दिशा ठरली. स्वातंत्र्याच्या बाजूने इतका पुढे गेलेल्या या कायद्याने इच्छेविरुद्धच्या उपचाराला नाव दिले ते मात्र ‘बंधनकारक आरोग्योपचार’ असे सरळ. त्यासाठी एका वैद्याचा प्रस्ताव, दुसऱ्याचा दुजोरा आणि महापौराचा आदेश लागतो. न्यायाधीशाला अठ्ठेचाळीस तासांत कळवावे लागते. मुदत सात दिवसांची असते. सक्तीला सक्ती म्हटल्यामुळेच तिच्याभोवती इतकी कुंपणे घालणे त्या कायद्याला नैसर्गिक वाटले असावे. ज्याला साहाय्य म्हटले त्याच्याभोवती कुंपण घालताना लिहिणाऱ्याचाही हात आखडतो.

६

कायद्याची भाषा अखेर रुग्णालयाच्या नोंदवहीत उतरते, आणि महाराष्ट्रात ती नोंद पुष्कळदा मराठीत होते. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या दाराशी जो कागद भरला जातो त्याची वाक्यरचना हा मराठी भाषाभ्यासकाच्या कक्षेतील विषय आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतरच्या काळात प्रशासकीय मराठी पुष्कळ घडली आणि तिने एक रचना विशेष लाडकी केली : ‘दाखल करण्यात आले’, ‘ताब्यात घेण्यात आले’, ‘संमती घेण्यात आली’. कर्ता न सांगता क्रिया सांगण्याची ही सोय आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचाराला मोठे स्थान आहे ते उगाच नव्हे. मराठीत कर्ता दाखविण्याच्या व झाकण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, आणि त्यांतील निवड अर्थाला उदासीन नसते.

दाखल होण्यासंबंधीची मराठी क्रियापदे एकत्र मांडली तर हे स्पष्ट होते. ‘तो दाखल झाला’ या वाक्यात जाणारा स्वतः कर्ता आहे. ‘भावाने त्याला दाखल केले’ या भावे प्रयोगात भाऊ कर्ता आहे आणि क्रियापद कोणाशीच जुळत नाही. ‘रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले’ यात संस्था कर्ता आहे. ‘त्याला दाखल करण्यात आले’ यात कोणीच नाही. कायद्याच्या भाषेत यांतील पहिले वाक्य स्वतंत्र प्रवेशाचे आहे. दुसरे प्रतिनिधीच्या अर्जाचे. तिसरे वैद्यकीय निर्णयाचे. चौथ्या वाक्यात हे तिन्ही भेद पुसले जातात, आणि ज्याला पुढे मंडळाकडे दाद मागावयाची आहे त्याला कोणाच्या कोणत्या कृतीविरुद्ध मागावयाची ते कागदावरून कळत नाही. नोंदवहीत चौथ्या वाक्याला जागा असू नये.

असेच दुसरे क्रियापद ‘सोडणे’. ‘घरच्यांनी आणून सोडले’ आणि ‘रुग्णालयाने सोडले’ या दोन वाक्यांत एकच धातू आहे. पहिल्यात त्याग आहे, दुसऱ्यात सुटका. बऱ्या झालेल्या पण घरी परत न गेलेल्या व्यक्ती या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेल्या असतात. पहिल्या अर्थाने त्यांना सोडले आहे, म्हणून दुसऱ्या अर्थाने सोडता येत नाही. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवू नये, असे २०१७ च्या कायद्याचे कलम १९ सांगते. हे वाक्य मोठे आहे. पण त्या व्यक्तीने जावे कोठे, याचे उत्तर वाक्याने मिळत नाही. त्यासाठी घरे लागतात.

७

भाषेच्या चिकित्सेची मर्यादाही येथेच मान्य करावी लागते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेल्या २८ व्यक्तींचा अंत झाला. त्या वेळी १९८७ चा कायदा अमलात होता. त्या व्यक्तींना तेथे ठेवण्यामागे दंडाधिकाऱ्याचा आदेश नव्हता, की कोणत्या कलमाखालची तपासणी नव्हती. कायद्याचा शब्द जेथे पोचतच नाही तेथे तो सौम्य की कठोर, हा प्रश्न निरर्थक होतो. यावरून शब्दांचे महत्त्व कमी होते असे नाही. ज्या सक्तीला कागद असतो तीच मोजता येते, मुदतीत बांधता येते, आणि तिच्याविरुद्ध बोलताही येते, हेच त्यातून दिसते.

तिन्ही संहितांच्या वाचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. २०१७ च्या कायद्याचे श्रेय त्याने ‘वेडा’ हा शब्द टाकला यात फारसे नाही. तो तर १९८७ मध्येच गेला होता. त्याचे श्रेय हे की त्याने आजारी व्यक्तीला पुष्कळशा वाक्यांचा कर्ता केले. ती बरी असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमते, पुढच्या आजारपणासाठी आगाऊ निर्देश लिहिते, कारण विचारते, मंडळाकडे दाद मागते. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून तिची क्षमता नाकारता येत नाही. या कायद्याचे वैगुण्य हे की जेथे तो तिला कर्तेपदावरून दूर करतो तेथेही तो साहाय्याचीच भाषा बोलतो. मराठीत हा कायदा उतरविणाऱ्यांपुढे आणि त्याचे अर्ज, नोंदी व सूचना लिहिणाऱ्यांपुढे म्हणून दुहेरी काम आहे : जेथे व्यक्ती कर्ता आहे तेथे तिला ‘-ण्यात आले’च्या रचनेत हरवू न देणे, आणि जेथे ती कर्ता नाही तेथे कोण आहे ते लिहिणे. कलम ८९ खालील अर्जावर ‘इच्छेविरुद्ध’ हा एक शब्द छापला गेला, तर सही करणाऱ्या भावाला आपण काय करीत आहोत ते कळेल, आणि ज्याच्याविषयी ती सही आहे त्याला आपल्या नकाराची नोंद झाल्याचे दिसेल. त्या नकाराची नोंद ज्या कागदावर आहे, त्याच कागदाच्या आधाराने तो मंडळापुढे उभा राहू शकतो.